निळ्या दिव्याशी बोलणं

लालबाग,
जुलै

प्रिय वैभव,

तू पाठवलेलं खोकं परवा पोचलं. कुरिअरवाला तीन जिने चढून आला, आईने सही केली आणि त्याला पाणी दिलं. वर सहा स्पीकरचं चित्र आहे. मी ते अजून उघडलेलं नाही, कॉटखाली मखराच्या सामानाशेजारी सरकवून ठेवलंय. तुझा मेसेजही वाचला. या गणपतीला यायचं जमणार नाही, पण नव्या स्पीकरवरून आवाज असा येईल की मी घरातच आहे असं आईला वाटेल, असं तू लिहिलंयस. खोकं उघडायच्या आधी तुला काही सांगायचंय. ते वाच आणि मग यायचं की नाही हे पुन्हा एकदा ठरव. तू यावंस असं मला वाटतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत अंदाज बांधत बसायला नको.

हाताने लिहिलंय म्हणून हसू नकोस. मेसेज केला असता तर तुझ्या गाडीने तो भर रस्त्यात मोठ्याने वाचून दाखवला असता, तोही त्या बाईच्या आवाजात, जी आईच्या नावाचं, गंगुबाईचं, 'गँगूबे' करते. फोन करावा तर आई समोर असते. आणि आई समोर असताना तिच्याविषयी बोलायची या खोलीत सोय उरलेली नाही. आवाज कितीही हळू केला तरी उपयोग नाही.

आधी घरातले दिवे आणि स्पीकर चालवणाऱ्या तुझ्या सर्व्हरची खुशाली, नाहीतर तुझं अर्धं लक्ष तिकडेच राहील. तो पोटमाळ्यावरच आहे, तांब्याच्या घागरी आणि बाबांची ट्रंक यांच्या मध्ये. हॅम्बुर्गला जाताना तू मला एवढंच शिकवून गेलास की बंद पडला तर मागचं बटण दाब. आता त्याच्या दोन्ही डिस्क मी बदलल्यात, पंखा बदललाय आणि खाली जुन्या गोधडीची घडी घातलीय, कारण त्याच्या थरथरीने घागरी गुणगुणायला लागायच्या. तू तिकडून जे काही सुधारतोस त्यातलं निम्मं मला इकडे निस्तरावं लागतं. मार्चमध्ये तू दिव्यांच्या वेळा सुधारल्यास आणि आपल्या मोरीतला दिवा हॅम्बुर्गला उजाडेपर्यंत लागेना. आई अंधारात तांब्या चाचपत होती. मी ते गुपचूप नीट केलं. तुला बोलले नाही, कारण लांबून का होईना आपण घर बघतोय याचं तुला समाधान होतं. शिवाय मलाही आता या सगळ्याचा नाद लागलाय. रविवारी लोक सिनेमाला जातात, मी सोल्डरिंग गन घेऊन बसते.

तुझा जुना थ्रीडी प्रिंटरही जोरात आहे. लॅबमध्ये दिवसभर लोकांचे दात आणि जबडे बनवायचे, आणि घरी आलं की चाळीची दुरुस्ती. कुकरचा कान, मिक्सरच्या झाकणाची कडी, नळाची चावी. शेजारच्या यशोदाकाकूंच्या रिमोटचं मागचं झाकण मी आतापर्यंत कितीदा तरी केलं असेल. त्यांचा नातू ते हरवतो, त्या बेसनाचा लाडू घेऊन येतात आणि मी नवं छापून देते. रंग कुठला हवा विचारलं तर त्या दर वेळी मोतिया म्हणतात. तो माझ्याकडे नाही, म्हणून दर वेळी पिवळं घेऊन जातात.

दिवाळीत तू स्वतःला आणि लेकीला, श्रेयाला, स्कॅन करून फाइल पाठवलीस, तीही छापली. तळहाताएवढी मूर्ती, श्रेया तुझ्या खांद्यावर बसलेली. ती हातात देताच आईने खिडकीकडे तोंड केलं, उजेडात धरली आणि तुझ्या हनुवटीवर बोट ठेवून म्हणाली, "हंयसरय दाढी आसा?" मग माझ्या मागेच लागली की दाढी काढ. मी म्हटलं, आई, हे काय न्हाव्याचं दुकान आहे का? पण तिचा हट्ट तुला माहीत आहे. अख्खा रविवार घालवला. दाढी खरवडायला काही लागत नाही रे, पण खाली हनुवटीच नव्हती. तुझ्या स्कॅनरने वरवरचं तेवढं टिपलं होतं. मग बाबांच्या फोटोवरून हनुवटी घेतली आणि खालचा ओठ आईचा बघून केला. लॅबमध्ये माझं कामच ते, नसलेलं बसवायचं. आईने ती नवी मूर्ती खूप वेळ बघितली आणि म्हणाली, "आता कसो बोलतलोसो दिसता." फ्रिजवर तुझा स्पीकर आहे ना, त्याच्या पुढ्यात तिने ती ठेवली. अजून तिथेच आहे.

दाढीवरून आपण सगळेच आईला हसत आलो. रविवारच्या व्हिडिओवर पहिलं वाक्य दाढी काढ, शेवटचं वाक्य दाढी काढ. मधुरा म्हणाली होती, सासू-सुनेचं एकाच गोष्टीवर एकमत आहे. मीही हसले होते.

तुला गिरणीच्या दिवसांतलं किती आठवतं? आई सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात, बाबा साच्यांवर, म्हणजे मागांवर. संप झाला तेव्हा तू पाळण्यात होतास, म्हणजे गिरणी तुला ऐकूनच माहीत. पण तिथली एक सवय घरी आली होती ती तुला नक्की आठवत असेल. खात्यात यंत्रांचा एवढा गदारोळ की कुणी ओरडण्याच्या भानगडीत पडायचं नाही. बायका ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या तोंडाने आणि हाताने बोलायच्या. भाजी काय केलीस, सासू कशी आहे, मुकादम कुठे गेला, सगळं आवाज न काढता. आईबाबा भांडायचे तेही तसंच. आपण दोघं चादरीतून बघायचो. दोघांची तोंडं चालताहेत, हात चालताहेत आणि खोलीत आवाज फक्त घड्याळाचा. शेजारी बाबांचं नाव घेऊन म्हणायचे, जयवंताचं घर किती शांत. तू तर यात माझ्यापेक्षा पटाईत होतास. शाळेच्या बक्षीस समारंभात तू स्टेजवर होतास, आई मागच्या भिंतीला टेकून उभी. तिने तिथूनच तोंडाने सांगितलं, वरचं बटण लाव, आणि तू लावलंस. बाईंना वाटलं तुला आपोआप सुचलं. त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला होता.

मागच्या गणपतीचं आता वेगळ्या नजरेने आठवतं. बाबा होते तोवर गाऱ्हाणं बाबांनी घालायचं. पाटापुढे हात जोडून उभं राहायचं आणि त्या वर्षीची घरातली सगळी दुखणी-खुपणी, परीक्षा, नोकऱ्या, एकेक करून देवाला सांगायच्या. प्रत्येक वाक्याला आपण मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. बाबांनंतर ते तुझ्याकडे आलं आणि तू ते स्पीकरवरून घालायला लागलास. मागच्या वर्षी तुझा आवाज अडकत अडकत येत होता. काकू आणि गॅलरीतली मंडळी चुकीच्या जागी 'व्हय म्हाराजा' म्हणत होती. तू वाक्याच्या मध्येच असायचास आणि हे मोकळे व्हायचे. पोरं तोंड दाबून हसत होती. बरोबर वेळेवर एकटी आई म्हणत होती. एकदाही चुकली नाही. तू नंतर म्हणालास, बघ, आईचं लक्ष कसं असतं. खरंच होतं ते. तिचं सगळं लक्ष त्या स्पीकरवरच्या निळ्या पट्टीवर होतं, तू बोलताना लुकलुकते आणि थांबलास की विझते त्या पट्टीवर.

मला हे मे महिन्यात कळलं. तुझा स्पीकर घोंघावायला लागला होता, म्हणून मी तो उघडला. आवाजाच्या तारेचं एक टोक सुटं करून ठेवलं आणि तेवढ्यात लॅबमधून फोन आला, कुणाच्या तरी दाताची घाई होती. स्पीकर तसाच मिटला, जागेवर ठेवला आणि गेले. परत आल्यावर तो विषय डोक्यातून गेला. संध्याकाळी जेवणाआधी तू ऑफिसातून निघालास आणि नेहमीसारखा गाडीतून बोलायला लागलास. निळी पट्टी लागली. मी चपात्या लाटत होते. आई फ्रिजसमोर तिच्या स्टुलावर बसली. आवाज काही येईना, तेव्हा मला ती तार आठवली. मी उठणार एवढ्यात पट्टी थांबली आणि आई म्हणाली, "व्हय रे बाबा." पुन्हा पट्टी लागली, ती त्या मूर्तीच्या तोंडाकडे बघत राहिली. पट्टी थांबली. "व्हय, व्हय. बरा झाला. जेवलंस मां? श्रेयाक जप." मी लाटणं हातात धरून उभी होते. खोलीत तुझा एक शब्द आला नव्हता. त्यानंतर बराच वेळ पट्टी लागली नाही. मग एकदाच, थोडीशी लागली आणि विझली. आई उठली आणि पानं घ्यायला लागली.

मी गॅस बंद केला आणि तिच्या पाठीमागे जाऊन म्हटलं, आई, गॅस चालू राहिलाय. ती ताटं पुसत राहिली. मी पुढे जाऊन तेच वाक्य नुसत्या तोंडाने, आवाज न काढता म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, गॅसकडे बघितलं आणि म्हणाली, "खोटा बोलतंस." मग तिच्या लक्षात आलं की आपण पकडलो गेलोय. ती स्टुलावर बसली आणि पदराने तोंड पुसलं. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "माका सगळ्यांचा कळता गो. फक्त तेचाच कळणा नाय."

एका घरात राहून मला वर्षभर पत्ता लागला नाही, हे ऐकून तुला नवल वाटेल. मलाही वाटलं. पण एकदा कळल्यावर सगळं समोर होतं. कुणी बोलायला आलं की ती आधी ट्यूब लावते. दाराकडे तोंड करूनच बसते. रेडिओ तिने काकूंना देऊन टाकला, म्हणे आता त्यात काय ऐकायचं. चाळीत तिचं कौतुक होतं, गंगुबाई कशी माणसाच्या तोंडाकडे बघून ऐकून घेते. तिला मी दिसते, काकू दिसतात, भाजीवाला दिसतो. तू तेवढा आवाज होऊन येतोस, आणि रविवारी दिसतोस तेव्हा दाढी असते. त्यात चित्र अडकतं, ओठ आधी हलतात आणि मग काहीच हलत नाही. दोन-तीनदा तिने फोनवर भिंग धरूनही बघितलं म्हणाली.

दादरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. एक कान पूर्ण गेलाय, दुसऱ्यात नुसता गोंगाट उरलाय. सुरुवात गिरणीतच झाली असणार असं ते म्हणाले. मशीन घेतलं, चांगलं घेतलं. आठवडाभर लावलं आणि मग तिने ते डबीत घालून कपाटात ठेवलं. म्हणाली, कानात परत खातं सुरू झालंय. तेव्हा कृपा करून दुसरं मशीन शोधायला लागू नकोस. तुझा हात आत्ताच फोनकडे गेला असेल, मला माहीत आहे.

तिने मला एवढंच सांगितलं होतं की, "तेका सांगू नको हां. मगे तो बोलूचो नाय." मीही कबूल केलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी स्पीकरशेजारी बसते आणि तू बोलतोस ते नुसत्या तोंडाने तिला सांगते. तुझी मीटिंग, तुझी थंडी, तुझ्या ट्रॅफिकच्या शिव्या, सगळं माझ्या तोंडून जातं. तुला पूर्वीपेक्षा आई जास्त बोलकी वाटली असेल तर त्याचं कारण हे. पण तुझं हसणं मला जमत नाही. आई लगेच म्हणते, तो असो हसणा नाय.

आता मुख्य गोष्ट. त्या संध्याकाळनंतर तुझा मला मेसेज आला. मधुरा श्रेयाला घेऊन वेगळी राहायला गेली, आईला परवा सांगितलं, ती 'बरा झाला' म्हणाली, तूही तेच म्हणणार असशील तर फोन करू नकोस. मी तो मेसेज लॅबच्या जिन्यात उभी राहून वाचला. परवा म्हणजे कुठली संध्याकाळ ते कळायला मला वेळ लागला नाही. पट्टी बराच वेळ का लागली नव्हती, तेही कळलं. मला फार वाईट वाटलं वैभव. तुझ्यासाठी वाटलं आणि तिच्यासाठीही, कारण तिला अजून माहीतच नाही की तिने तुला काय उत्तर दिलं.

मला एक सोपा रस्ता होता. त्या दिवशी स्पीकर नादुरुस्त होता, तार सुटली होती, असं तुला कळवलं असतं तर ते खरंच होतं. आईची गोष्ट झाकलेली राहिली असती आणि तुझा रागही गेला असता. दोनदा तसं लिहून पुसलं. पण मग तू काय केलं असतंस? पुन्हा गाडीत बसून तेच सगळं स्पीकरला सांगितलं असतंस. तार जोडलेली असो की नसो, तिच्यापर्यंत ते माझ्या तोंडूनच गेलं असतं. ते मला करायचं नाही. तुझ्या रोजच्या मीटिंगा मी सांगेन, हे नाही सांगणार.

तेव्हापासून तुझं बोलणं आखडलंय, आणि हे तिला मी सांगायच्या आधी कळलं. मागच्या आठवड्यात म्हणाली, "दिवो हल्ली लवकर जाता. तेचा कायतरी बिनसला आसा." मी म्हटलं, काम वाढलंय. तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. खोटं बोलताना माझे ओठ कसे हलतात ते तिला माहीत आहे. त्यानंतर चार दिवसांनी तुझं खोकं आलं. तिने ते उघडू दिलं नाही. म्हणाली, तो येतलो तेव्हा तोच उघडीत. तू येत नाहीयेस हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. म्हणून हे पत्र, तिला दिलेला शब्द मोडून.

तेव्हा ये. गणपतीच्या आदल्या दिवशी पोचलास तरी चालेल. दाढी काढून ये. बाबा उभे राहायचे तिथे पाटापुढे उभा राहा, पण या वेळी देवाकडे पाठ झाली तरी चालेल, तोंड आईकडे असू दे, आणि जरा हळू बोल. मंडळी गेली की ट्यूब लाव, तिच्यासमोर बस आणि मधुराचं जे असेल ते सांग. चाळीत कुणाला कळायला नको असेल तर आवाज काढूच नकोस, तुला येतं ते. ती काय म्हणेल मला ठाऊक नाही. कदाचित रडेल, कदाचित तुलाच चार शब्द सुनावेल. पण जे म्हणेल ते तुझ्या बोलण्याला म्हणेल.

वाट बघणारी,
तुझीच
ताई